बाहेरची डिस्क काढली की लिनक्स सुरू होत नाही: फॉरमॅट करण्याआधी काय पाहायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या कम्प्युटरवर लिनक्स मिंट आहे आणि कुटुंबाचे सगळे फोटो २ टीबीच्या यूएसबी डिस्कवर आहेत. ही डिस्क सुरुवातीलाच आपोआप माउंट व्हावी, म्हणजे एका फोल्डरला जोडली जाऊन उघडता यावी, म्हणून तुम्ही एफएसटॅब फाइलमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी) एक ओळ घातली. त्यात डिस्कचं नाव ‘/डेव्ह/एसडीबी१’ आणि प्रकार ‘एनटीएफएस३’ (विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची डिस्क वाचणारा लिनक्सचा ड्रायव्हर) असा दिला. बरेच दिवस नीट चाललं, फक्त पेनड्राइव्ह लावलेला असला की कधीकधी अडकायचं. मग डिस्क भाच्याच्या विंडोज लॅपटॉपवर नेली आणि इकडे कम्प्युटर सुरूच होईना. दीड मिनिट काळ्या पडद्यावर मोजणी आणि मग ‘यू आर इन इमर्जन्सी मोड’. डिस्क परत आणून लावली तरी तोच पडदा. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून इन्स्टॉल न करताच लिनक्स चालतं) सुरू करून पाहिलं तर डिस्क दिसते पण उघडत नाही. ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ असा संदेश येतो. दुकानदार सांगतो लिनक्स परत टाका, भाचा सांगतो डिस्क फॉरमॅट करा.

यातलं काहीही करू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून लिनक्स शाबूत आहे आणि फोटोही बहुधा जागेवर आहेत. तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत आणि दोन्ही एकाच पडद्यावर येऊन थांबतात, म्हणून ते एकच वाटतात. डिस्क काढलेली असताना कम्प्युटर अडला तो एका कारणाने, आणि डिस्क लावून अडतो आहे तो दुसऱ्याच कारणाने.

पुढच्या कमांड मी देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहितो. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत करायच्या. फक्त यूयूआयडी (पार्टिशनचा कायमचा ओळख क्रमांक) हा शब्द एफएसटॅबमध्ये मोठ्या अक्षरांत लिहायचा आणि त्यापुढचा क्रमांक पडद्यावर दिसतो तसाच.

पहिल्या बिघाडापासून सुरू करू. एफएसटॅबमध्ये लिहिलेली प्रत्येक डिस्क सिस्टिमडी (लिनक्स सुरू होताना बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्राम) ‘अत्यावश्यक’ धरतो. ‘ही नसली तरी चालेल’ असं तुम्ही स्पष्ट सांगितलं नसेल, तर फोटोंची डिस्क आणि सिस्टिमची मूळ डिस्क यांत तो फरक करत नाही. डिस्क सापडली नाही तर तो ९० सेकंद वाट पाहतो. पडद्यावरची ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ ही ओळ आणि तिच्यापुढची मोजणी म्हणजे हीच वाट पाहणं. वेळ संपली की तो पुढे जायला नकार देतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये थांबतो.

या मोजणीवर नीट लक्ष ठेवा, कारण निदान तिथेच होतं. मोजणी पूर्ण होऊन इमर्जन्सी मोड आला तर डिस्क सापडलीच नाही. मोजणी न होता लगेच आला तर डिस्क सापडली, पण माउंट झाली नाही. डिस्क काढलेली असताना तुम्हाला दीड मिनिट मोजणी दिसली. आता डिस्क लावून सुरू करा आणि पाहा: माझा अंदाज आहे की इमर्जन्सी मोड लगेच येईल. तसं झालं तर दुसरा बिघाड डिस्कवरच्या फाइल सिस्टिमचा, म्हणजे फाइल मांडून ठेवण्याच्या व्यवस्थेचा आहे, त्याकडे पुढे येतो.

पेनड्राइव्ह लावलेला असताना अडकण्याचं कारण ‘एसडीबी१’ या नावात आहे. एसडीए, एसडीबी ही नावं कोणत्याही डिस्कला कायमची दिलेली नसतात. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जी डिस्क आधी सापडेल तिला आधीचं अक्षर मिळतं. पेनड्राइव्ह आधी सापडला तर तोच एसडीबी होतो आणि तुमची डिस्क एसडीसी. मग सिस्टिमडी पेनड्राइव्हला एनटीएफएस समजून माउंट करायला जातो आणि अपयशी ठरतो. इतकंच झालं हे तुमचं नशीब. एखाद्याने बॅकअपच्या किंवा फॉरमॅटच्या स्क्रिप्टमध्ये एसडीबी लिहून ठेवलं असेल तर चुकीची डिस्क पुसली जाऊ शकते. म्हणून जी ओळ कायम राहणार आहे तिच्यात हे नाव कधीच नको, यूयूआयडी हवा. तो फाइल सिस्टिमच्या आत लिहिलेला असतो, त्यामुळे कोणत्याही पोर्टला लावली तरी बदलत नाही.

आता दुरुस्ती. इमर्जन्सी मोडमध्ये रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड मागितला आणि तुमच्याकडे तो असेल तर टाका. मिंट आणि उबंटूवर बहुतेकांनी रूटचा पासवर्ड ठेवलेलाच नसतो. अशा वेळी ‘रूट अकाउंट इज लॉक्ड’ असं म्हणून तो आत घेत नाही आणि एंटर दाबलं तरी पुन्हा तिथेच येतो. माणसं नेमकी इथे घाबरतात आणि सगळं पुन्हा टाकायला निघतात. दोन रस्ते आहेत. सोपा रस्ता म्हणजे लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करून आतल्या डिस्कवरचं लिनक्सचं पार्टिशन उघडायचं आणि त्यातली ‘ईटीसी’ फोल्डरमधली एफएसटॅब सुडो (रूटचे अधिकार देणारी कमांड) वापरून नॅनो या एडिटरमध्ये उघडायची. लाइव्ह सिस्टिमची स्वतःचीही एक एफएसटॅब असते. ती बदलून काहीच होत नाही, आणि बरेच जण तीच बदलून ‘फरक पडला नाही’ म्हणतात. दुसरा रस्ता ग्रबमधून, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरमधून जातो. सुरू होताना एस्केप दाबून, जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरून, ग्रबचा मेनू आणा. पहिल्या नोंदीवर ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीत ‘आरओ’च्या जागी ‘आरडब्ल्यू’ करा, ‘क्वाएट स्प्लॅश’ काढा, ओळीच्या शेवटी ‘इनिट=/बिन/बॅश’ लिहा आणि एफ१० दाबा. थेट रूटचा प्रॉम्प्ट मिळेल. तिथे फाइल दुरुस्त करा, ‘सिंक’ करा आणि ‘रीबूट -एफ’ द्या. ग्रबमधला हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो.

फाइलमधली ती ओळ तूर्त पुसू नका, सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकून निष्क्रिय करा. कम्प्युटर सुरू होईल. डिस्क लावून टर्मिनलमध्ये

एलएसबीएलके -एफ

द्या. प्रत्येक पार्टिशनचं नाव, प्रकार, लेबल आणि यूयूआयडी समोर येतं. एनटीएफएसचा यूयूआयडी १६ अक्षरांचा असतो, लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमचा ३६ अक्षरांचा; लांबी वेगळी दिसली म्हणून गोंधळू नका. मग एफएसटॅबमध्ये नवी ओळ अशी लिहा: आधी ‘यूयूआयडी=’ आणि तो क्रमांक, मग माउंट करायची जागा, समजा ‘/एमएनटी/फोटो’, मग प्रकार, मग पर्याय

यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,नोफेल,एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०

आणि शेवटी दोन शून्यं. खरं काम ‘नोफेल’ करतो. डिस्क असेल तर जोड, नसेल तर पुढे जा, असं तो सिस्टिमडीला सांगतो. यूआयडी आणि जीआयडी लिहिले नाहीत तर एनटीएफएसवरच्या सगळ्या फाइल रूटच्या मालकीच्या दिसतात. १००० हा साधारणपणे मशीनवरच्या पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक असतो. ‘आयडी’ ही कमांड देऊन तुमचा पाहून घ्या. डिस्क सतत काढघाल होत असेल तर ‘नोऑटो,एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट’ हेही घाला. मग फोल्डर उघडलं की त्या क्षणी डिस्क माउंट होते.

फाइल सेव्ह केली की लगेच रीस्टार्ट करू नका. आधी या तीन कमांड याच क्रमाने द्या:

सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय
सुडो सिस्टिमसीटीएल डिमन-रीलोड
सुडो माउंट -ए

पहिली कमांड ओळीतल्या चुका दाखवते, दुसरी सिस्टिमडीला नवी फाइल वाचायला लावते, तिसरी प्रत्यक्ष माउंट करून पाहते. तिसरीने तक्रार केली तर ती आता, कम्प्युटर चालू असताना कळते. एफएसटॅबला हात लावणाऱ्या प्रत्येकाने ही सवय लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. एक स्वल्पविराम चुकल्यामुळे बंद पडलेली यंत्रं मी पाहिली आहेत आणि त्यांचा दोष लिनक्सवर ढकलला गेला आहे.

‘नोफेल’ घातल्यावर मात्र एक नवा धोका तयार होतो. तो कमी लोक सांगतात, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. डिस्क लावलेली नसली तरी ‘/एमएनटी/फोटो’ हे फोल्डर तिथे असतंच, फक्त रिकामं. रात्री चालणारी बॅकअपची स्क्रिप्ट त्यात बिनबोभाट लिहीत राहते आणि ते सगळं जातं आतल्या डिस्कच्या मूळ पार्टिशनवर. काही रात्रींत ते पार्टिशन भरतं. मग लॉगिनचा पडदा येतो, पासवर्ड टाकला की क्षणभर काळोख आणि परत लॉगिनचा पडदा. डेस्कटॉपला सुरू होताना तुमच्या होम फोल्डरमध्ये काही छोट्या फाइल लिहायच्या असतात आणि जागाच उरलेली नसते. ईएक्सटी४ रूटसाठी ५ टक्के जागा राखून ठेवतो, पण स्क्रिप्ट रूट म्हणून चालत असेल तर तीही खाल्ली जाते. अशा मशीनचा मालक ग्राफिक्स ड्रायव्हर बदलत बसतो, कारण बिघाडाचं मूळ बाहेरच्या डिस्कमध्ये असेल हे त्याच्या मनातही येत नाही.

अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून अक्षरांच्या कन्सोलवर या, लॉगिन करा आणि ‘डीएफ -एच’ पाहा. मूळ पार्टिशन १०० टक्के दिसलं तर कारण मिळालं. डिस्क लावलेली असेल तर तिच्याखाली दडलेल्या फाइल नेहमीच्या पाहणीत दिसत नाहीत, कारण माउंट झालेली डिस्क फोल्डरचा मूळ मजकूर झाकून टाकते. त्यासाठी मूळ पार्टिशन दुसरीकडे बाइंड करून, म्हणजे दुसऱ्या फोल्डरलाही जोडून पाहायचं:

सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/मूळ
सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ
सुडो डीयू -एसएच /एमएनटी/मूळ/एमएनटी/फोटो

(‘मूळ’ या फोल्डरला इंग्रजी अक्षरांत कोणतंही नाव द्या.) तिथे कित्येक जीबी सापडले तर ते हरवलेले बॅकअप आहेत. आधी बाहेरच्या डिस्कवर हलवा, मगच पुसा.

हे पुन्हा होऊ नये म्हणून डिस्क अनमाउंट असताना एकदाच ‘सुडो सीएचएटीटीआर +आय /एमएनटी/फोटो’ द्या. त्या रिकाम्या फोल्डरमध्ये आता रूटलाही लिहिता येणार नाही, पण डिस्क त्यावर माउंट होण्यात अडचण येत नाही. शिवाय स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंटपॉइंट -क्यू’ने तपासणी घाला आणि डिस्क नसेल तर तिथेच थांबा. फाइल मॅनेजरमधून माउंट करणाऱ्यांनाही याचा एक भाऊबंद भेटतो: ‘मीडिया’मध्ये जुनं फोल्डर उरलेलं असलं की डिस्क ‘बॅकअप’ऐवजी ‘बॅकअप१’ नावाने माउंट होते आणि स्क्रिप्ट जुन्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये लिहीत बसते.

आता दुसरा बिघाड, म्हणजे डिस्क दिसते पण उघडत नाही.

‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ हा संदेश वाचून डिस्क मेली असं समजू नका. माउंट कमांडला नेमकं कारण कळलं नाही की ती सगळ्या शक्यता एका दमात सांगते. खरं कारण कर्नलच्या नोंदींत असतं. एका टर्मिनलमध्ये

सुडो डीमेसेज -डब्ल्यू

चालू ठेवा (डीमेसेज इंग्रजीत ‘डी-एम-ई-एस-जी’ असं टाइप करायचं), डिस्क काढून परत लावा, उघडून पाहा आणि शेवटच्या ओळी वाचा. तुमच्या बाबतीत मला ‘व्हॉल्यूम इज डर्टी अँड फोर्स फ्लॅग इज नॉट सेट’ अशा अर्थाची ओळ अपेक्षित आहे. एनटीएफएस३ हा ड्रायव्हर २०२१मध्ये ५.१५ क्रमांकाच्या कर्नलमध्ये आला. जुन्या एनटीएफएस-३जीपेक्षा तो वेगवान आहे, पण या बाबतीत कडक. विंडोजने डिस्क नीट बंद केली नाही तर तिच्यावर एक खूण राहते आणि ती खूण असलेली डिस्क एनटीएफएस३ माउंटच करत नाही. भाच्याने ‘सेफली रिमूव्ह’ न करता केबल काढली असेल, किंवा डिस्क लावलेली ठेवून लॅपटॉप बंद केला असेल. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ आहे. त्यात ‘शट डाउन’ म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची स्थिती डिस्कवर साठवून झोपतो आणि लावलेल्या डिस्क वापरात असल्याचं धरून चालतो.

सर्वांत सुरक्षित उपाय पुन्हा विंडोजवरच आहे. डिस्क त्याच लॅपटॉपला लावा, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘चेकडिस्क’ची कमांड (टाइप करताना ‘सी-एच-के-डी-एस-के’) ‘/एफ’सह त्या ड्राइव्हवर चालवा, सेफली रिमूव्ह करा आणि मग काढा. लॅपटॉप पूर्ण बंद व्हायला हवा असेल तर ‘शट डाउन’पेक्षा ‘रीस्टार्ट’ जास्त खरा आहे. त्यात फास्ट स्टार्टअप चालत नाही. विंडोज हाताशी नसेल तर लिनक्सवर ‘एनटीएफएसफिक्स -डी’ ही खूण काढतो. पण तो चेकडिस्क नाही. काही मोजक्या त्रुटी दुरुस्त करून खूण पुसतो, एवढंच. त्याआधी ‘आरओ’ पर्यायाने, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, एनटीएफएस-३जीने डिस्क माउंट होते का पाहा, आणि झाली तर फोटो आधी दुसरीकडे उतरवा. ‘रिमूव्ह हायबरफाइल’ हा पर्याय इंटरनेटवर सर्रास सुचवला जातो. तो विंडोजची झोपवलेली स्थिती पुसून टाकतो आणि त्यात न साठवलेलं काम असेल तर ते गेलं. दुसऱ्याच्या लॅपटॉपच्या डिस्कवर तो कधीच वापरू नका.

इथे भाच्यासाठीही एक सूचना. लिनक्सची ईएक्सटी४ डिस्क विंडोजला लावली की तो ‘ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करा’ अशी खिडकी दाखवतो. त्याला ती वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘कॅन्सल’ दाबायचं.

कर्नलच्या नोंदींत डर्टीऐवजी दुसरं काही दिसलं तर शोध वेगळ्या दिशेला जातो. ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -७१’ किंवा ‘-११०’ दिसलं तर डिस्कशी बोलणंच नीट होत नाही आहे. फाइल सिस्टिमपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही, त्यामुळे एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवून उपयोग नाही. केबल बदला. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. मधला हब काढा. यूएसबी २च्या पोर्टला ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३च्या पोर्टला ९०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह देणं बंधनकारक आहे, आणि अडीच इंची फिरत्या डिस्कला सुरुवातीच्या क्षणी त्याहून जास्त लागू शकतो. डिस्क टिकटिक करते, दिसते, नाहीशी होते, परत दिसते, अशी तक्रार असेल तर मी सर्वांत आधी वीजपुरवठ्यावर संशय घेतो.

मोठी फाइल कॉपी करताना डिस्क मध्येच गोठत असेल आणि नोंदींत ‘यूएएस’ अक्षरं असलेल्या त्रुटी व पाठोपाठ ‘रीसेट’ दिसत असेल, तर डिस्कच्या खोक्यातली चिप आणि यूएएस हा यूएसबी डिस्कचा नवा, वेगवान ड्रायव्हर यांचं पटत नाही. ‘एलएसयूएसबी’ने त्या खोक्याचे दोन क्रमांक मिळतात. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मधल्या कर्नलच्या ओळीत ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=’पुढे ते दोन क्रमांक कोलनने जोडून आणि शेवटी ‘:यू’ लिहून ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्या. रीस्टार्टनंतर ती डिस्क जुन्या, संथ पण भरवशाच्या ड्रायव्हरवर चालते. वेग थोडा जातो, पण चांगली डिस्क भंगारात जाण्यापासून वाचते.

आणि ‘आय/ओ एरर’, ‘मीडियम एरर’ अशा ओळी ठरावीक सेक्टर क्रमांकासह येत असतील तर डिस्क खरंच खराब होत चालली आहे. ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए -डी सॅट’ आणि पुढे डिस्कचं नाव देऊन तिची प्रकृती पाहा. ५ क्रमांकाची नोंद बदललेले सेक्टर सांगते, १९७ वाचता न येणारे. १९७ शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल तर डिस्कला वाचण्यापलीकडे एकही काम देऊ नका. १९९ वाढलेली दिसली तर दोष जोडणीचा असतो, उगाच डिस्क फेकू नका.

अशा आजारी डिस्कवर लोक एफएससीके किंवा चेकडिस्क चालवतात. मला सर्वांत जास्त वाईट याचं वाटतं, कारण वाचू शकले असते असे फोटो त्यात जातात. दुरुस्तीची साधनं डिस्कवर लिहितात, हजारो ठिकाणी वाचतात, आणि मरणाऱ्या डिस्ककडे तेवढा दम नसतो. आधी प्रत काढायची. त्यासाठी डीडीरेस्क्यू आहे. मिंट-उबंटूमध्ये पॅकेजचं नाव ‘जीडीडीरेस्क्यू’. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: मूळ डिस्क, प्रतीची फाइल आणि मॅपफाइल. मॅपफाइल विसरू नका. कोणता भाग वाचून झाला हे तिच्यात नोंदलं जातं, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी काम पुढून सुरू करता येतं. पहिली फेरी ‘-एन’ लावून करा, म्हणजे तो खराब जागी रेंगाळत नाही आणि सहज मिळणारं सगळं आधी गोळा करतो. मग ‘-आर३’ लावून उरलेल्या जागी तीनदा प्रयत्न करा. प्रतीसाठी मूळ डिस्कपेक्षा मोठी डिस्क हवी आणि ती एफएटी३२ नको, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. पुढची सगळी दुरुस्ती त्या प्रतीवर करायची. डिस्क आतून खरखर आवाज करत असेल तर मात्र हेही करू नका. वीज काढा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे द्या.

सुरू न होण्याचे इतर प्रकारही डिस्कशी जोडलेले असतात, ते थोडक्यात. कंपनीच्या लोगोनंतर लगेच ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं आणि डिस्क काढल्यावर कम्प्युटर नीट सुरू झाला, तर मशीन बाहेरच्या डिस्कवर सिस्टिम शोधतं आहे. बायोसमध्ये जाऊन आतली डिस्क पहिल्या क्रमांकावर आणा, झालं.

याच्या उलट, बाहेरची डिस्क लावल्याशिवाय ग्रबचा मेनूच येत नसेल तर बूटलोडर बाहेरच्या डिस्कवर गेला आहे. लिनक्स टाकताना दोन्ही डिस्क लावलेल्या असल्या की हे होतं. ‘सुडो ईएफआयबूटएमजीआर -व्ही’ दिलं की कोणती नोंद कोणत्या पार्टिशनकडे बोट दाखवते ते कळतं. लिनक्स सुरू होत असताना आतल्या डिस्कवरचं ईएफआय पार्टिशन (बूटलोडर ठेवायची जागा) ‘/बूट/ईएफआय’वर माउंट करून ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल’ द्यायचं आणि एफएसटॅबमध्ये त्याचा यूयूआयडी बदलायचा. आतल्या डिस्कवर ईएफआय पार्टिशनच नसेल तर आधी ते करावं लागेल. मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर ‘बूट रिपेअर’ नावाचं साधन असतं. ते चालवायचं असेल तर बाकी सगळ्या डिस्क आधी काढून ठेवा, म्हणजे त्याला चुकीची डिस्क निवडायची संधीच मिळणार नाही.

‘इनिटरॅमएफएस’ असा प्रॉम्प्ट आला आणि वर ‘मॅन्युअल एफएससीके’ मागितलेलं असेल तर लाइट गेल्यामुळे मूळ पार्टिशनला झटका बसलेला असतो. पावसाळ्यात आपल्याकडे हे नेमाने होतं. संदेशात ज्या पार्टिशनचं नाव आहे त्यावर ‘एफएससीके -वाय’ द्या, संपल्यावर ‘एक्झिट’ म्हणा; कम्प्युटर पुढे जातो. माउंट असलेल्या पार्टिशनवर एफएससीके कधीही चालवायचं नाही. या प्रॉम्प्टवर ते माउंट नसतं म्हणून चालतं. दर पावसाळ्यात असंच होत असेल तर छोटा यूपीएस घ्या. डेस्कटॉपवर त्याच्याइतका उपयोगी खर्च मला दुसरा माहीत नाही.

शेवटचं, डिस्क काढण्याबद्दल. कॉपीची पट्टी १०० टक्के झाली म्हणजे फाइल डिस्कवर पोचली असं नसतं. लिनक्स लिहायचा मजकूर आधी रॅममध्ये घेतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. संथ डिस्क किंवा पेनड्राइव्ह असेल तर पट्टी संपल्यावरही काही मिनिटं काम चालू असतं. ‘सिंक’ कमांड द्या, ती परत आली म्हणजे सगळं उतरलं. अनमाउंट करताना ‘टार्गेट इज बिझी’ आलं तर केबल ओढू नका. ‘सुडो फ्यूझर -व्हीएम /एमएनटी/फोटो’ कोणता प्रोग्राम डिस्क धरून बसला आहे ते सांगतो. बहुतेकदा त्याच फोल्डरमध्ये उघडं राहिलेलं टर्मिनल असतं. अनमाउंट झाल्यावर ‘यूडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ -बी’ आणि डिस्कचं नाव दिलं की फिरती डिस्क नीट थांबते. मग केबल काढा.

तुम्ही आज संध्याकाळी एवढंच करा: एफएसटॅबची जुनी ओळ हॅश लावून निष्क्रिय करा, कम्प्युटर सुरू करा, डीमेसेजच्या शेवटच्या वीस-पंचवीस ओळी आणि एलएसबीएलके -एफचं सगळं उत्तर मला पाठवा. डर्टीची खूण निघाली तर चेकडिस्क, केबल निघाली तर केबल. आणि डिस्क उघडली की नवी ओळ लिहिण्याआधी फोटोंची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. एवढ्या फोटोंना एकच जागा पुरेशी नाही.